माता-बाल आरोग्यसेवेत कौटुंबिक हिंसेची विचारपूस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातील उपकेंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये आणि महापालिकांची प्रसूतिगृहे येथे गरोदर व बाळंत स्त्रियांना रोज भेटणाऱ्या आरोग्यसेविका, परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाला हिंसा मानले आहे आणि तोच अर्थ येथे घेतला आहे. ही हिंसा नवऱ्याकडून होते तशीच सासरच्या इतरांकडून आणि कधीकधी माहेरच्यांकडूनही होते.

गरोदर स्त्रीला घरातल्या त्रासाबद्दल दवाखान्याने का विचारायचे? हे काम पोलिसांचे किंवा महिला मंडळाचे नाही का?

बहुतेक स्त्रिया पोलिसांकडे किंवा मंडळाकडे कधी पोहोचतच नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते. गरोदरपणात शारीरिक मारहाण झाल्याचे देशभरात ३.१ टक्के स्त्रियांनी सांगितले. याच सर्वेक्षणानुसार हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांनीच कोणाकडे तरी मदत मागितली आणि ती मागितली तीही प्रामुख्याने स्वतःच्या माहेरच्या माणसांकडे.

ज्या स्त्रीला एकटीने बाजारात जाण्याचीही मुभा नसते तिलासुद्धा गरोदरपणात तपासणीसाठी घरातून पाठवले जाते, कारण होणारे बाळ सगळ्यांना हवे असते. किमान चार तपासण्या, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, सोनोग्राफी, प्रसूती, मग बाळाचे डोस अशा निमित्तांनी वर्ष-दीड वर्षात ती सरकारी यंत्रणेला जितक्या वेळा भेटते, तितकी आयुष्यात पुन्हा क्वचितच भेटत असेल. शिवाय हा प्रश्न थेट आरोग्याचा आहे. पोटावर मार बसल्यास वार वेळेआधी सुटू शकते, रक्तस्राव होऊ शकतो, बाळ दगावू शकते. सततच्या छळात राहणाऱ्या स्त्रियांमध्ये कमी दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ आणि बाळंतपणानंतरचे नैराश्य अधिक आढळते. हिमोग्लोबिन का वाढत नाही, याचे उत्तर कधीकधी गोळ्यांच्या प्रतीत सापडत नाही, घरात तिच्या ताटात काय पडते यात सापडते.

सगळ्यांना विचारायचे, की लक्षणे दिसली तरच?

याबाबत जगात एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना दवाखान्यात येणाऱ्या सरसकट प्रत्येक स्त्रीला विचारण्याची शिफारस करत नाहीत. जखमा, वारंवारची अस्पष्ट दुखणी, नैराश्य, उशिरा नोंदणी अशी कारणे दिसली की विचारा, असे त्या सांगतात. मात्र गरोदरपणात स्त्री आणि बाळ दोघांनाही धोका असतो आणि भेटी पुन्हापुन्हा होतात, त्यामुळे प्रसूतिपूर्व तपासणीत सर्वांना विचारण्याचा विचार करता येईल, अशी सवलत त्याच सूचनांमध्ये आहे. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना सरसकट विचारण्याची शिफारस केली आहे. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण स्क्रीनिंग नाकारले गेले, पण प्रसूतिपूर्व सेवेत नियमित विचारपूस व्हावी असे सांगितले गेले.

आपल्या परिस्थितीत आमचे मत असे आहे की, जेथे स्वतंत्र खोली, प्रशिक्षित व्यक्ती आणि पुढे पाठवण्याची जागा या तिन्ही गोष्टी आहेत, तेथे प्रत्येक गरोदर स्त्रीला विचारावे. सर्वांना विचारले की कोणाही एकीवर संशयाचा ठपका बसत नाही आणि ‘तुझ्यात असे काय दिसले म्हणून विचारले’ या घरच्या प्रश्नाला तिला ‘सगळ्यांनाच विचारतात’ असे खरे उत्तर देता येते. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर लक्षणांवरून विचारणे एवढेच करावे आणि ती उणीव आधी भरून काढावी. महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या गर्दीत, एका टेबलाभोवती दहा जणी उभ्या असताना हा प्रश्न विचारून रकाना भरणे हे न विचारण्यापेक्षा वाईट आहे.

विचारल्याने प्रत्यक्षात काही फरक पडतो का?

येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. वेगवेगळ्या देशांतील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या, कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधक-जाळ्याच्या २०१५ च्या अभ्यासात असे दिसले की, विचारल्यामुळे हिंसा ओळखली जाण्याचे प्रमाण वाढते आणि ते प्रसूतिपूर्व सेवेत विशेष वाढते. पण केवळ विचारण्यामुळे हिंसा कमी होते असा पुरावा मिळाला नाही. यातून ‘मग विचारूच नये’ असा निष्कर्ष निघत नाही. रक्तदाब मोजल्याने रक्तदाब उतरत नाही, उतरतो तो नंतरच्या उपचाराने. इथेही तसेच आहे, आणि म्हणूनच प्रश्न विचारणाऱ्या सिस्टरइतकीच तिच्यामागे उभी असलेली समुपदेशक महत्त्वाची ठरते.

मुंबईत हे आधीच ओळखले गेले होते. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००० च्या दशकाच्या आरंभी महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. रुग्णालयाच्या आत, बाह्यरुग्ण विभागापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, हिंसाग्रस्त स्त्रीसाठी समुपदेशन आणि कायदेशीर सल्ला मिळणारी जागा हे त्याचे स्वरूप होते. पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली मुंबईतील इतर उपनगरी रुग्णालयांतही अशी केंद्रे सुरू झाली, आणि महापालिका रुग्णालयांच्या प्रसूतिपूर्व विभागांत गरोदर स्त्रियांना नियमितपणे विचारून लगेच समुपदेशन देण्याचे कामही करून पाहिले गेले. स्त्रीला ‘दुसऱ्या इमारतीत जा, तिसऱ्या दिवशी या’ असे सांगावे लागत नाही, ही या रचनेची खरी ताकद आहे. घरी ‘दवाखान्यात गेले होते’ एवढेच सांगावे लागते, आणि ते खोटे नसते.

सोबत सासूबाई किंवा नवरा असतो. तिला एकटीला कसे भेटायचे?

या एका प्रश्नावर सगळे काम अडते किंवा पुढे जाते. नातेवाईक, मग तो प्रेमळ दिसो वा नसो, समोर असताना हिंसेबद्दल कधीही विचारू नये. नणंद, जाऊ, शेजारीण आणि स्वतःची आईसुद्धा याला अपवाद नाहीत, कारण ‘पोरीने जुळवून घ्यावे’ असा सर्वांत मोठा दबाव पुष्कळदा आईचाच असतो. बोलू लागलेले मूल खोलीत असेल तर तेही बाहेर असावे. लहान मूल ऐकलेले घरी जाऊन सांगते.

‘तुम्ही बाहेर थांबा’ असे एखाद्याच सासूला सांगितले की ती सावध होते. त्यासाठी नियम सर्वांसाठी एकच असावा आणि तो दारावर ठळक लिहिलेला असावा : तपासणीच्या खोलीत फक्त गरोदर माता. वजन, लघवीची तपासणी, पोटाची तपासणी यांपैकी काही ना काही निमित्त प्रत्येक भेटीत असतेच. अगदी हटून बसलेल्या नवऱ्याला केसपेपरवर शिक्का मारून आणायला किंवा औषधाच्या रांगेत उभे राहायला पाठवता येते. टेबलामागे ओढलेला पडदा म्हणजे एकांत नव्हे, पडद्यापलीकडे सगळे ऐकू येते. एकांत मिळालाच नाही, तर त्या दिवशी विचारू नये, पुढच्या भेटीला विचारावे आणि ‘आज विचारता आले नाही’ अशी नोंद स्वतःकडे ठेवावी.

भाषेचा प्रश्न वेगळा आहे. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारी स्त्री सोबत आलेल्या माणसाच्या दुभाषेपणावर अवलंबून असते आणि तो माणूस बहुधा घरचाच असतो. अशा वेळी दवाखान्यातील ती भाषा जाणणारी महिला कर्मचारी शोधावी. ती तिच्याच पाड्यावरची किंवा नात्यातली नाही ना, हेही पाहावे.

नेमके कोणत्या शब्दांत विचारावे?

आधी एक-दोन वाक्यांची प्रस्तावना हवी. उदाहरणार्थ : “गरोदरपणात घरातल्या वातावरणाचा बाईच्या आणि बाळाच्या तब्येतीवर परिणाम होतो, म्हणून आम्ही इथे येणाऱ्या प्रत्येकीला काही गोष्टी विचारतो. तुम्ही सांगाल ते मी घरच्यांना सांगणार नाही.” अठरा वर्षांखालील मुलगी असेल तर गोपनीयतेला कायद्याने मर्यादा आहे हे याच वेळी, म्हणजे तिने काही सांगण्याआधी, स्पष्ट करावे, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मग सरळ विचारावे. “घरात कोणाची भीती वाटते का?” “नवऱ्याने किंवा घरातल्या कोणी या गरोदरपणात तुमच्यावर हात उचलला आहे का, ढकलले आहे का, लाथ मारली आहे का?” “नको असताना शरीरसंबंधासाठी जबरदस्ती होते का?” “जेवण, औषध, दवाखान्याला येणे, माहेरी फोन करणे, पैसे यांवर कोणी अडवणूक करते का?” “मुलगाच हवा म्हणून त्रास देतात का?” प्रश्न कृतीबद्दलचे असावेत. ‘तुमचा छळ होतो का?’ असे विचारल्यास अनेक जणी ‘नाही’ म्हणतात, कारण दारू पिऊन आलेल्या नवऱ्याने दोन चपराका मारणे त्यांच्या लेखी छळात मोडत नाही, ते ‘संसारात होतंच’ या सदरात मोडते. त्या आपणहून ‘घरात कटकट असते’, ‘ते जरा तापट आहेत’, ‘मला टेन्शन येतं’ एवढेच बोलतात, आणि विचारणाऱ्याने नेमके तेथे थांबून ‘म्हणजे काय होते?’ असे शांतपणे विचारायचे असते.

वयाने लहान मुलीलाही ‘तुम्ही’ म्हणावे असे आम्ही सुचवतो. प्रसूतिगृहात ‘ए बाई, वर चढ’ अशा आवाजात बोलणाऱ्या व्यक्तीला पाच मिनिटांनी कोणीही मनातले सांगणार नाही. प्रसूतीच्या कळांमध्ये स्त्रियांवर ओरडणे किंवा चापट मारणे हीसुद्धा हिंसाच आहे आणि ज्या वॉर्डात ती चालते तेथे ही विचारपूस ढोंगी ठरते.

एकदा विचारले की पुरे का? योग्य वेळ कोणती?

पुरे नाही. पहिल्या भेटीत अनोळखी माणसाला कोणी सांगत नाही, आणि हिंसा गरोदरपणाच्या मध्यावर किंवा मुलगी झाल्यानंतरही सुरू होऊ शकते. नोंदणीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या भेटीत, मग प्रत्येक तिमाहीत एकदा आणि बाळंतपणानंतर पुन्हा, असा क्रम व्यवहार्य आहे.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आहे आणि या कामात तिचा विचार फारसा होत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी आलेली स्त्री कदाचित लग्नानंतर पहिल्यांदाच मोकळेपणी बोलू शकते, म्हणून माहेरच्या गावातील आरोग्यसेविकेने, सासरी नोंदणी झालेली असली तरी, नव्याने विचारावे. बाळ दीड ते तीन महिन्यांचे झाल्यावर सासरी परत पाठवण्याची चर्चा सुरू होते. तिच्या सुरक्षेचा खरा निर्णय त्या आठवड्यांत होतो आणि नेमक्या त्याच वेळी तिचे कार्ड एका उपकेंद्रातून दुसऱ्या उपकेंद्रात जात असल्याने तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे बाळाचे डोस याच काळात येतात. बाळाला टोचून झाल्यावर अर्धा तास थांबायला सांगितले जाते. तो अर्धा तास वापरावा.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात माता-बाल आरोग्य परिचारिका बाळाच्या चौथ्या आठवड्याच्या भेटीत हिंसेबद्दल विचारतात. मेलबर्नच्या वायव्य भागात परिचारिकांच्या आठ गटांबरोबर झालेल्या एका चाचणीत परिचारिकांच्याच सहभागाने वेगळी पद्धत ठरली : तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या भेटीत आईने स्वतः भरायची आरोग्यविषयक यादी आणि तिच्यातच हिंसेचे प्रश्न. चार आठवड्यांच्या भेटीत स्तनपान, झोप, बाळाचे वजन यांचीच इतकी घाई असते की या विषयाला जागा उरत नाही, हे आपल्याकडच्याही सिस्टरांना पटेल.

बीड, जालना, अहिल्यानगर भागांतील ऊसतोड कामगार स्त्रिया दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे जातात आणि तेथून मध्येच परतत नाहीत. त्यांना निघण्यापूर्वीच्या भेटीत विचारणे आणि १८१ हा महिला हेल्पलाईनचा क्रमांक तोंडपाठ करून देणे एवढे तरी करता येते.

ती ‘नाही’ म्हणाली, पण दंडावर वळ दिसतात. काय करावे?

तिचे उत्तर स्वीकारावे. जखमेवर उपचार करावेत, जे दिसले ते रुग्णालयाच्या नोंदीत लिहावे आणि “कधीही बोलावेसे वाटले तर मी सोमवारी व गुरुवारी इथे असते” असे सांगून सोडून द्यावे. उलटतपासणी करू नये. प्रश्न विचारला गेला हेच पुष्कळदा तिला कळवते की इथे हे बोलता येते, आणि ती तिसऱ्या भेटीला बोलते.

ती ‘हो’ म्हणाली, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे?

ऐकायचे. घाईने उपाय सुचवायचे नाहीत. “तुम्ही सांगितलेत हे बरे केले. यात तुमची चूक नाही. कोणालाही असे मारण्याचा हक्क नाही” ही तीन वाक्ये साधी वाटतात, पण अनेक स्त्रियांनी ती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेली असतात. त्यानंतर तिला आत्ता काय हवे आहे ते विचारावे; कदाचित तिला फक्त दुखण्यावर औषध हवे असेल आणि तोही तिचा निर्णय आहे.

काय करू नये हे जास्त महत्त्वाचे आहे, कारण चांगल्या हेतूने केलेल्या चुका इथे जिवावर बेततात. नवऱ्याला आत बोलावून समज देऊ नये. तो तेथे मान डोलावेल आणि घरी जाऊन ‘दवाखान्यात काय सांगितलेस’ म्हणून मारेल. ‘बाळ झाले की सुधारेल’, ‘दारू सोडली की सगळे ठीक होईल’, ‘थोडे तुम्हीही सांभाळून घ्या’ असे म्हणू नये. ‘असल्या माणसाला सोडून द्या’ हेही म्हणू नये. घर सोडण्याचा काळ हा अनेकदा सर्वांत धोकादायक असतो आणि तिला जायला जागा आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नसते.

धोका तातडीचा आहे हे कसे ओळखावे?

मारहाण अलीकडे वाढली आहे का, तिने जीव जाण्याची भीती बोलून दाखवली का, शस्त्र किंवा रॉकेलची धमकी दिली आहे का, पोटावर मारले आहे का, बाळ आपले नाही असा संशय नवरा घेतो का, ती स्वतः जीव देण्याचा विचार करते का, हे विचारावे. यांपैकी काहीही असेल तर तिला तसेच घरी पाठवू नये. वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच सांगावे आणि गरज पडल्यास निरीक्षणासाठी दाखल करून घ्यावे. ‘रक्तदाब बघायचा आहे’ हे दाखल करण्याचे कारण घरच्यांना चालते.

गळा दाबल्याचा उल्लेख आला तर तो कधीही हलका घेऊ नये. गळ्यावर खूण नसली तरी आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके, थोडा वेळ शुद्ध हरपणे ही लक्षणे गंभीर आहेत; तासाभराने ठीक वाटणारी स्त्रीही नंतर बिघडू शकते. ज्या घरात गळा दाबला गेला आहे, त्या घरात पुढे खून होण्याचा धोका वाढलेला असतो. पोटावर मार असेल तर बाळाचे ठोके, रक्तस्राव आणि पोटाचा कडकपणा तपासावा, आणि रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शनचा विचार व्हावा. आत्महत्येचे विचार असतील तर रुग्णालयातील मानसोपचाराबरोबरच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

धोका तातडीचा नसला तरी सुरक्षेची थोडी आखणी तिच्याबरोबर करावी : रात्री निघावे लागले तर कोणाच्या घरी, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि बाळाचे कार्ड यांच्या प्रती कोणाकडे, थोडे पैसे कुठे, कोणत्या शेजारणीला कोणता इशारा. हे कागदावर लिहून तिच्या हाती देऊ नये.

पोलिसांना कळवणे आमच्यावर बंधनकारक आहे का?

प्रौढ स्त्रीने घरातील हिंसा सांगितली एवढ्यावरून पोलिसांना कळवण्याची सक्ती २००५ च्या अधिनियमात नाही. या कायद्याच्या कलम ४ नुसार कोणीही सद्हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला (पीडित स्त्रीला मदत करण्यासाठी याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) माहिती देऊ शकते आणि तसे केल्याबद्दल त्याच्यावर दायित्व येत नाही. तरीही आरोग्य कर्मचाऱ्याने हे तिच्या संमतीनेच करावे. मारहाणीच्या जखमा घेऊन आलेल्या स्त्रीची रुग्णालयात वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे रोजच्या बोलीतली एमएलसी, केली जाते आणि तिची सूचना पोलिसांना जाते. हे तिला आधी सांगावे. एमएलसी झाली म्हणजे नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला असे नाही. पोलिसांपुढे काय सांगायचे हे तिने ठरवायचे असते आणि ही नोंद पुढे वर्षभराने तिला न्यायालयात उपयोगी पडू शकते. पोलिसांत जायचे नाही म्हणून उपचार नाकारणे मात्र कोणत्याही परिस्थितीत चालत नाही.

वय १८ पेक्षा कमी असेल तर चित्र बदलते. लग्न झालेले असले तरी अशी गरोदर मुलगी बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजे पोक्सो कायद्याच्या कक्षेत येते आणि कलम १९ नुसार कळवणे सर्वांवर बंधनकारक आहे. या भीतीने मुली दवाखान्यात येणेच टाळतात, ही या तरतुदीची दुखरी बाजू आहे. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीबाबत, तिने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले. त्याच निकालात न्यायालयाने गर्भपाताच्या कायद्यापुरता वैवाहिक बलात्काराचाही बलात्काराच्या अर्थात समावेश केला. प्रौढ स्त्रीच्या गर्भपातासाठी नवऱ्याच्या सहीची कायद्याने आवश्यकता नाही, हेही येथे नोंदवायला हवे. अनेक दवाखाने ती सही अजून मागतात.

२००५ च्या कायद्याने दवाखान्यावर कोणती जबाबदारी टाकली आहे आणि स्त्रीला त्यातून काय मिळते?

कलम ७ नुसार पीडित स्त्रीने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने वा सेवा देणाऱ्या संस्थेने विनंती केल्यास वैद्यकीय मदत दिलीच पाहिजे. या कायद्याखालील २००६ च्या नियमांपैकी नियम १७ सांगतो की, घरगुती घटनेचा अहवाल (झालेल्या हिंसेची ठरावीक नमुन्यातील नोंद) आधी भरलेला नसेल तर दवाखान्याने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावा आणि वैद्यकीय अहवालाची प्रत स्त्रीला विनामूल्य द्यावी. हे बहुतेक वैद्यकीय अधिकाऱ्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

स्त्रीला दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षणाचा, राहत्या घरातून न काढण्याचा, खर्चाचा, नुकसानभरपाईचा आणि मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मिळू शकतो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी ती तेथे राहत असल्यास तिला तेथे राहण्याचा हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले. ही दिवाणी स्वरूपाची दाद आहे, नवऱ्याला तुरुंगात टाकणे हा तिचा पहिला हेतू नाही, आणि हे कळले की अनेक स्त्रियांची अर्धी भीती जाते. फौजदारी तक्रार करायची असल्यास नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या क्रूर वागणुकीबद्दलच्या, भारतीय दंड संहितेतील पूर्वीच्या कलम ४९८-अ ऐवजी आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ लागू होते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

पुढे कोणाकडे पाठवायचे?

मुंबईत दिलासा केंद्र; जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर (हिंसाग्रस्त स्त्रियांना सर्व मदत एकाच जागी देणारे सरकारी केंद्र), महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी, आणि अनेक पोलीस ठाण्यांच्या आवारात असलेला महिला व बालकांसाठी विशेष कक्ष, जो टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर प्रथम सुरू केला. तातडीला ११२. नुसता पत्ता देऊ नये. तिच्यासमोर फोन लावून तेथे कोण भेटेल त्या व्यक्तीचे नाव विचारून घ्यावे. यादीतील प्रत्येक क्रमांक दर तीन महिन्यांनी लावून पाहावा.

नोंद कुठे करायची? माता व बाल संरक्षण कार्डावर लिहायचे का?

कधीही नाही. ते कार्ड घरी जाते, सासू ते वाचते, आशा ते पाहते, सोनोग्राफी केंद्रात ते टेबलावर पडून असते. ओपीडीचा केसपेपरही अनेक ठिकाणी रुग्णाबरोबरच घरी जातो. हिंसेची नोंद रुग्णालयातच राहणाऱ्या, कुलपात ठेवलेल्या वहीत करावी आणि कार्डावर हवे तर स्टाफपुरता ठरवलेला निरुपद्रवी संकेत असावा. नोंदीत तिचे शब्द तिच्याच भाषेत अवतरणात लिहावेत, जखमांची जागा, आकार व रंग लिहावा, शक्य असल्यास शरीराच्या आकृतीवर खुणा कराव्यात. ‘रुग्णाचा आरोप आहे की’ असे संशयी शब्द टाळून ‘रुग्णाने सांगितले की’ असे लिहावे.

आता नवा धोका व्हॉट्सअॅपचा आहे. उपकेंद्राच्या गटावर ‘अमुक मातेच्या घरी भांडण आहे, भेट द्या’ असा एक संदेश गेला की तासाभरात तो गावभर होतो. या विषयावर गटात एक अक्षरही लिहू नये. तिच्या मोबाईलवरही संदेश पाठवू नये. फोन बहुधा नवऱ्याच्या हाती असतो.

आशाताईने घरभेटीत विचारावे का?

दवाखान्यात प्रसूती झाल्यास आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते आणि पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत तिच्या भेटी चालू राहतात. घर आतून पाहणारी ती एकटीच असते. पण ती त्याच गावची सून असते, तिची कामे त्याच घरांच्या मर्जीवर चालतात आणि नवऱ्याच्या घरी बसून नवऱ्याबद्दल प्रश्न विचारणे तिच्या आणि त्या स्त्रीच्या दोघींच्या जिवाला धोका आहे. म्हणून आमच्या मते आशाकडून प्रश्नावली भरून घेऊ नये. तिने पाहावे, ऐकावे, कोणी आपणहून बोलली तर विश्वास ठेवावा, आणि ‘बाळाच्या वजनासाठी केंद्रात या’ असे सांगून तिला एकटीला दवाखान्यापर्यंत आणावे. हे काम इतर कोणी करू शकत नाही आणि त्याचा मोबदला आशांना वेगळा मिळायला हवा, असेही आम्हाला वाटते.

बाळालाच धोका असेल तर?

आपणहून कूस बदलू न शकणाऱ्या बाळाच्या अंगावर माराच्या खुणा असणे हे नेहमीच गंभीर मानावे आणि बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बालकाला इजा होत असल्यास १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाईनवर कळवावे किंवा बालकल्याण समितीपर्यंत जावे. मुलगी झाली म्हणून दूध, औषध, डोस टाळणे हेही याच सदरात येते. ‘जायचे तर बाळ ठेवून जा’ ही धमकी स्त्रियांना सर्वाधिक अडवते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असतो, आणि २००५ च्या कायद्याखाली तात्पुरत्या ताब्याचा आदेशही मिळतो. हे तिला सांगावे.

विचारणाऱ्या सिस्टरच्या स्वतःच्या घरात असेच चालू असेल तर?

ते अपवादात्मक नाही. प्रशिक्षणात याचा उल्लेख झालाच पाहिजे आणि ज्या कर्मचारी स्त्रीला हे प्रश्न विचारणे सोसत नाही, तिला कारण न विचारता दुसरे काम द्यावे. वर उल्लेखलेले सर्व क्रमांक, केंद्रे आणि मोफत वकील तिच्यासाठीही तितकेच खुले आहेत. तिला आपल्याच तालुक्यात ओळखीच्या लोकांपुढे जायचे नसेल, तर शेजारच्या जिल्ह्यातील सखी केंद्राशी बोलून तिची तेथे भेट ठरवून द्यावी.